पेटी घ्या, पण वजन करून

मागच्या बुधवारचा कार्यक्रम संपला आणि एका काकींचा फोन आला. त्यांच्या पडवीत दोन मोटारसायकली लावलेल्या असतात. त्याच पडवीत फवारणीचा पंप आहे, कडबाकुट्टी आहे, पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग आहेत. आणि हत्यारं? ती गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात. पाना हवा असला की गोणपाट जमिनीवर उलटं करायचं. काकी म्हणाल्या, "पोरगा म्हणतोय चांगली पेटी घेऊ. दुकानात बघितलं तर चारशेपासून चार हजारापर्यंत पेट्या हायेत. दिसायला सगळ्या सारख्याच. मग घ्यायची कुठली?"

काकी, याचं उत्तर मला फुकटात मिळालेलं नाही. आमच्या गटाने त्याचे पैसे मोजलेत. म्हणून आधी ती गोष्ट सांगते, मग पेटीकडे वळू.

आमचा गट अकरा जणींचा. पिठाची गिरणी आणि मिरची कांडप चालवतो. तीन वर्षांमागे तालुक्याच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर लाल रंगाची, हँडलवाली, चकाचक पेटी दिसली. आत '१०८ नग' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. किंमत ९९९ रुपये. मीच म्हटलं, घेऊन टाकू. हजाराच्या आत एकशेआठ हत्यारं! घरी येऊन मोजली, तर पाने सहा, पक्कड एक, हातोडी एक, आणि एक मूठ असलेला स्क्रू-ड्रायव्हर. मग बाकीचे नग कुठले? स्क्रू-ड्रायव्हरची बोटाच्या पेरायेवढी टोकं, भिंतीत ठोकायच्या प्लास्टिकच्या गुट्ट्या आणि चक्क सुटे स्क्रू. प्रत्येक स्क्रू एक नग! खोटं काहीच नव्हतं. मोजणारीनेच विचारलं नव्हतं, कशाचे नग म्हणून.

तरी वर्षभर पेटी शोभेला बरी होती. नंतर एप्रिलचा शेवटचा आठवडा आला. मिरचीचे दिवस. दोन लग्नघरांची मिरची कांडपावर, ओटीवर डबे रांगेत. मोटारीचा पट्टा सैल पडून घसरायला लागला, रबर जळाल्याचा वास सुटला. काम काही मोठं नव्हतं. मोटारीच्या तळाचे चार बोल्ट सैल करायचे, मोटार बोटभर मागे सरकवायची, बोल्ट परत आवळायचे. आमच्या सचिव ताईंनी पेटीतला १९ नंबरचा पाना घातला आणि जोर लावला. बोल्ट हलला नाही. पान्याचा जबडाच फाकला. दुसऱ्यांदा जोर लावला तर बोल्टाची सहा टोकं घासून तो गोल झाला. तिसऱ्यांदा पाना निसटला आणि ताईंची बोटं पत्र्यावर आपटून रक्त आलं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी आले. गोल झालेला बोल्ट छिन्नीने तोडावा लागला. मिस्त्रींचे पाचशे, नवा बोल्ट, दीड दिवसाची बुडालेली कमाई, आणि एक लग्नघर मिरची उचलून शेजारच्या गावी घेऊन गेलं ते पुढच्या वर्षीही परत आलं नाही. नऊशे नव्याण्णवची पेटी आम्हाला केवढ्याला पडली ते तुम्हीच जोडा.

मासिक बैठकीत सगळ्या माझ्यावर रागावल्या, आणि बरोबरच होतं. मग ठराव झाला की नवी पेटी आणि नवी हत्यारं घ्यायची, पण या वेळी विचारून, मोजून, हात लावून.

आमची पहिली चूक ही होती की आम्ही पेटी आधी घेतली आणि कामं नंतर बघितली. कणगी घेताना आपण आधी ज्वारी किती होणार ते बघतो ना? तसंच इथे. म्हणून आम्ही वही घेऊन गिरणीभोवती फिरलो. कुठल्या यंत्राला कुठल्या जाडीचा बोल्ट, किती नंबरचा पाना लागतो, ते लिहून काढलं. फार काही निघालं नाही. साधारण असं असतं: बोल्टाची दांडी ६ मिलिमीटर जाड असेल तर डोक्याला १०चा पाना बसतो, ८ असेल तर १३चा, १० असेल तर बहुधा १७चा आणि १२ असेल तर १९चा. काही नव्या यंत्रांवर १७च्या जागी १६ आणि १९च्या जागी १८ निघतो, म्हणून एकदा लावून बघावंच. घरच्या पडवीतली मोटारसायकल, पंप, कडबाकुट्टी, शिलाई मशीन एवढं धरलं तरी आठ पान्यांच्या एका संचात बहुतेक काम भागतं. त्यात दोन तोंडांचे पाने येतात, ६-७ पासून २०-२२ पर्यंत. त्याच्या जोडीला रिंग पाने घेतले तर फार चांगलं. रिंग पाना बोल्टाला चहूबाजूंनी धरतो, त्यामुळे निसटत नाही. ताईंची बोटं त्या दिवशी रिंग पान्याने वाचली असती.

बाकी आमच्या यादीत पक्कड, मोठा आणि लहान स्क्रू-ड्रायव्हर, अर्धा किलोची हातोडी, कानस, छिन्नी, पाइप पाना, टेस्टर, हॅक्सॉ म्हणजे लोखंड कापायची करवत, तेलाची कुपी आणि ग्रीसचा डबा. बस. ती हत्यारं एकत्र ठेवून वजन केलं तर साडेनऊ किलो भरली. आणि सगळ्यांत लांब निघाली करवत, दीड फुटाला जरा कमी.

हे दोन आकडे, वजन आणि लांबी, हातात आले की अर्धं काम झालं. करवत मावायची तर पेटी आतून २० इंच हवी. दुकानातल्या बऱ्याच सुबक पेट्या १४-१६ इंचांच्या असतात आणि मग करवत कायमची बाहेर खुंटीवर. वजनाचं म्हणाल तर साडेनऊ किलो लोखंड रोज उचलायचंय, त्यामुळे पेटीचा तळ आणि कड्या तेवढा भार पेलणाऱ्या हव्यात, आणि पेटी स्वतः फार जडही नको. तुमची यादी वेगळी असेल. पंपापुरतीच हत्यारं असतील तर लहान पेटी घ्या, उगीच मोठी नको. रिकाम्या जागेत काय भरतं ते आपल्याला ठाऊक आहे. फुटके बल्ब, गंजके खिळे आणि कुणाच्या तरी जुन्या चपलेचा अंगठा.

आता पेट्यांचे प्रकार. बाजारात मुख्यतः चार दिसतात.

एक म्हणजे प्लास्टिकची पेटी. हलकी, गंजत नाही, झाकणात खिळे-स्क्रूंचे कप्पे. पण हिची खिट्टी आधी तुटते. उन्हात ठेवली तर दोन-तीन उन्हाळ्यांत प्लास्टिक कडक होऊन तडकतं. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी दुकानदार सांगत नाही. उंदीर. ज्या पडवीत भुसा आणि पेंड असते तिथे उंदीर प्लास्टिकचे कोपरे कुरतडतो. तरी शिलाई मशीनची हत्यारं, विजेचं किरकोळ काम यांसाठी घरात ठेवायला ती चांगलीच आहे.

दुसरी, पत्र्याची उघडत जाणारी पेटी. हँडल सोडून दोन्ही बाजूंना ओढली की कप्पे पायऱ्यांसारखे उलगडतात. तीन कप्प्यांची येते, पाच कप्प्यांची येते. हत्यारं समोर दिसतात, शोधावी लागत नाहीत, म्हणून मिस्त्री लोकांना ती आवडते. हिचा जीव त्या उलगडणाऱ्या पट्ट्यांत आणि रिव्हेटांत असतो. दुकानात पूर्ण उघडा, वरच्या कप्प्यात हाताचा भार द्या. कप्पा डोलला, पट्टी वाकली, तर भरल्यावर सहा महिन्यांत ती तिरकी होऊन झाकण बसेनासं होणार. ही पेटी उघडायला दोन्ही बाजूंना जागा लागते हेही लक्षात ठेवा. आमच्या गिरणीत भिंत आणि मोटार यांच्या मध्ये ती उघडलीच नसती.

तिसरी, ड्रॉवरवाली, खाली चाकं असलेली. गॅरेजमध्ये बघितली असेल. शहरात राहणारी मुलं मोबाइलवर हीच दाखवतात. फरशी गुळगुळीत असेल, रोज दहा वेळा हत्यार लागत असेल, तर ती घ्यावी. पण शेणाने सारवलेल्या किंवा खडबडीत कोब्याच्या जमिनीवर तिची चाकं चालत नाहीत. घ्यायचीच झाली तर ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून वरून दाबून बघा. छऱ्यांवर सरकणारा ड्रॉवर भरल्यावरही बोटाने उघडतो. नुसता पत्र्यावर पत्रा घासणारा ड्रॉवर भरला की अडकतो. आणि सगळे ड्रॉवर एकदम उघडू नका, पेटी पुढे कलंडते. जवळ पोर खेळत असेल तर विचार करा.

चौथी आपली जुनी ओळखीची, पत्र्याची ट्रंक. रुखवतात आलेली. कितीतरी घरांत माळ्यावर ती पडून आहे, आत जुन्या गोधड्या. काकी, दुकानात जायच्या आधी शिडी लावून माळ्यावर बघा. कडी-बिजागरी शाबूत असेल आणि तळ गंजलेला नसेल तर त्यात एक प्लायवुडचा ट्रे बसवून घेतला की तुमचे पैसे वाचले. आमच्याकडे कुणीच तशी ट्रंक द्यायला तयार झाली नाही. माहेरची आठवण असते, सोडवत नाही. मीही माझी दिली नाही, खोटं कशाला बोलू.

म्हणून आम्ही विकत घ्यायला निघालो. आता ऐका, कारण खरा व्यवहार इथे आहे.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचं गणित उलटं असतं. आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, २० गेज नऊ दशांश, २२ गेज सात दशांश, आणि २४ गेज जेमतेम साडेपाच दशांश मिलिमीटर. हत्यारांच्या पेटीला २२ गेज पुरतो, २० असला तर उत्तम. २४ कपड्यांच्या ट्रंकेला ठीक आहे, लोखंडाखाली तो पोटासारखा फुगतो.

पण पत्र्याची जाडी डोळ्यांनी कशी ओळखायची? कडा दुमडलेल्या असतात, रंग दिलेला असतो. दुकानदार म्हणेल २० गेज, आपण मान डोलवणार. त्यावर आमच्या सचिव ताईंनी उपाय काढला. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या, पण हिशेबात माझ्या बीएला मागे टाकतात. त्या म्हणाल्या, जाड पत्रा जड असणार, मग वजन का नाही करायचं? आपण मिरचीचं वजन करतो, पेटीचं करू.

लोखंडी पत्र्याचं वजन ठरलेलं असतं. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस फूट पत्रा सुमारे ७३० ग्रॅम भरतो. आम्हाला हवी होती २० इंच लांब, १२ इंच रुंद, १० इंच उंच पेटी. सहाही बाजूंचा पत्रा मोजला तर पावणेआठ चौरस फूट होतो. म्हणजे २४ गेजची पेटी नुसती पत्र्याची सव्वातीन किलोच्या आसपास, २२ गेजची चार किलो, २० गेजची सव्वापाच. वर कड्या, बिजागऱ्या, दुमडलेल्या कडा यांचा अर्धा-पाऊण किलो धरा. कागदावर लिहून घेतलं, आणि पिशवीत ताणकाटा टाकला.

तालुक्याच्या एका दुकानात गेलो. पहिला प्रश्न आला, "घरी कुणी माणूस नाही का? त्यांना पाठवा, त्यांना कळतं." आम्ही तिघी होतो. ताई म्हणाल्या, "माणसंच आलोय." मग त्यांनी एक पेटी काढून दिली, म्हणाले २० गेज आहे, लोखंड बघा कसलं. ताईंनी ताणकाट्याला अडकवली. साडेतीन किलो. कड्यांसकट. म्हणजे पत्रा तीन किलोच्या आत-बाहेर, २४ गेज किंवा त्याहून पातळ. ताईंनी कागद पुढे केला. ते काही बोलले नाहीत, पण पुढची पेटी काढताना त्यांनी गेज सांगितला नाही.

शेवटी आम्ही त्या दुकानातून घेतलीच नाही. बाजारपेठेच्या मागच्या आळीत एक ट्रंकवाले काका बसतात, पत्रा कापून पेट्या बनवतात. त्यांच्याकडे आमच्या मापाने, २२ गेजच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यात करून घेतली. जस्ताचा मुलामा असला की ओरखडा पडला तरी तिथे लगेच गंज धरत नाही, जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. आठ दिवसांनी ताब्यात घेतली. वजन पाच किलोला थोडंसं कमी. किंमत १,४०० रुपये. पान्यांसकट हत्यारांना २,७८० लागले. दोन्ही मिळून ४,१८०, म्हणजे प्रत्येकीचे ३८०.

पेटी ताब्यात घेताना काय काय बघितलं तेही सांगते, कारण तयार पेटी घेतानाही हेच बघायचं. सगळ्या कडांवरून सावकाश बोट फिरवा. कड दुमडलेली असेल तर बोट सरकतं, नुसती कापलेली असेल तर ती एक दिवस कुणाचं तरी बोट कापणार. झाकणाला दोन लहान बिजागऱ्या आहेत की लांबच्या लांब एकच सळीची बिजागरी आहे? एकच असलेली घ्या, भार वाटला जातो. झाकणाची कड खालच्या भागावर अर्धा इंच तरी बसली पाहिजे, नाहीतर पिठाची धूळ आत जाते. पेटी एका कोपऱ्याला धरून तिरकी उचला. पिळवटली, चुरचुर आवाज आला, तर ठेवून द्या. कड्या दोन्ही बाजूंना हव्यात, म्हणजे दोघी मिळून उचलतात. वर एकच हँडल असेल तर ते आतून पट्टी देऊन बसवलेलं आहे का ते झाकण उघडून बघा, कारण नुसत्या पत्र्याला दोन रिव्हेट मारलेलं हँडल एक दिवस पत्र्यासकट हातात येतं. आणि कडी-कोयंड्यात आपलं कुलूप जातं का बघा. आम्ही कुलूप घेऊन गेलो होतो, ते गेलं नाही. काकांनी तिथेच भोक मोठं करून दिलं.

हत्यारांचीही एक युक्ती सांगते. गिरणीचा एक जुना बोल्ट आणि नट पर्समध्ये टाकून न्या. दुकानात पाना त्याच्यावर चढवून हलवा. घट्ट बसला पाहिजे, खुळखुळला तर नको. पान्यावर नंबर कोरलेला असतो, नुसता रंगवलेला नको. 'क्रोम व्हॅनेडियम' असं लिहिलेले पाने चांगल्या पोलादाचे असतात, पण हे शब्द हलक्या मालावरही छापतात, म्हणून शब्दांपेक्षा बोल्टावर विश्वास ठेवा. कुठल्या कंपनीचे घ्यावेत ते रेडिओवर सांगायची मला परवानगी नाही. एवढंच सांगते की जे पाने तुमच्या गावच्या मिस्त्रीच्या पिशवीत दहा वर्षं आहेत ते बघा, त्यांच्यावरचं नाव वाचा.

बंद पाकिटातला माल असेल तर त्यावरची छापील किंमत सगळे कर धरून असते. त्यावर आणखी कर लावतो म्हणणाऱ्याला पाकीट दाखवा. पक्कं बिल घ्याच. गटाच्या हिशेबाला ते लागतंच, आणि माल खराब निघाला तर तक्रारही त्यावरच करता येते. ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५ हा सरकारी नंबर आहे, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रदर्शनातल्या त्या पेटीचं बिल आमच्याकडे नव्हतं. स्टॉल गेला, माणूस गेला, तक्रार कुणाकडे करणार?

पेटी आणली, आता ठेवायची कुठे? माझं माहेर चिपळूणकडचं आणि सासर खटाव तालुक्यात. दोन्हीकडचं हवामान म्हणजे दोन टोकं. इकडे धूळ, तिकडे ओल. माहेरी जूनमध्ये पेटी बंद केली आणि गणपतीला उघडली तर पक्कड उघडत नाही, गंजून चिकटलेली. २०२१च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा माझ्या भावाची पेटी दोन दिवस पाण्यात होती. चिखल काढून, हत्यारं धुऊन, पुसून, उन्हात वाळवून, डिझेलच्या फडक्याने घासली. जी तेल लावून कापडात गुंडाळलेली होती ती जवळजवळ तशीच निघाली. जी कोरडी होती त्यातली निम्मी भंगारात गेली. तेव्हापासून तो पेटी माळ्याच्या पहिल्या फळीवर ठेवतो.

पेटी थेट जमिनीवर ठेवू नका, सारवलेल्या जमिनीवर तर नकोच. खाली दोन विटा किंवा लाकडाच्या पट्ट्या द्या, हवा खेळली पाहिजे. खताच्या पोत्यांजवळ ठेवू नका. युरिया, पोटॅश ही खतं ओल ओढून घेतात आणि लोखंडाला लवकर गंज आणतात. मिठाचंही तेच. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी नको, ॲसिडच्या वाफेने पत्रा खराब होतो. आणि तेल लावायचं ते शिलाई मशीनचं. स्वयंपाकाचं तेल लावू नका. ते काही दिवसांनी चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि पान्यावर गोंद लावल्यासारखा थर चढतो. आमच्याकडे एका आक्कांनी हौसेने शेंगतेल चोपडलं होतं. मग आठवडाभर सगळ्या जणी पाने घासत बसलो.

हत्यार हातात घेण्याआधीचं एक सांगते, तेवढं कान देऊन ऐका. गिरणी असो की कडबाकुट्टी, पाना लावण्याआधी मेन स्विच बंद करा, आणि फ्यूजची ग्रिप काढून स्वतःच्या कमरेला खोचा. तुम्ही खाली वाकलेल्या असताना कुणी बाहेरून येऊन "लाइट का बंद केली?" म्हणून बटण दाबतं. ग्रिप तुमच्याजवळ असली तर दाबून काही होत नाही. पक्कडीची रबरी मूठ फाटली असेल तर त्या पक्कडीला विजेच्या कामाला हात लावू नका.

आता राहिलं किल्लीचं. पेटी निवडायला आम्हाला पंधरा दिवस लागले, किल्ली कुणाकडे ठेवायची यावर तीन बैठका झाल्या. अध्यक्षांच्या घरी ठेवली तर त्यांचे दीर पाने घेऊन जाणार. दीराला नाही कसं म्हणायचं? माझ्याकडे ठेवली तर मी आठवड्यातले चार दिवस इतर गावांत. आणि पेटीला कुलूपच नको, असं म्हणणाऱ्याही दोघी होत्या. गावात राहायचं आणि शेजाऱ्याला पाना नाही म्हणायचं? त्याही चुकीच्या नव्हत्या. नडीला आपणही दुसऱ्याकडून आणतोच की.

शेवटी असं ठरलं की किल्ली गिरणीवर ज्यांची पाळी असेल त्यांच्याकडे. पाना मागायला येणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, पण वहीत नाव, नंबर आणि वेळ लिहायची, आणि सही घ्यायची. सही करायची म्हटल्यावर निम्मे लोक "राहू दे, तिथंच बसून काम करतो" म्हणाले. दुसरं, ताईंच्या मुलीने पेटीच्या ट्रेमध्ये आणि झाकणाच्या आतल्या प्लायवुडवर प्रत्येक हत्यार ठेवून त्याच्या कडेने ऑइलपेंटने रेघ काढली. जिथे पाना, तिथे पान्याची आकृती. संध्याकाळी पेटी बंद करताना रिकामी आकृती दिसली की कुठलं हत्यार बाहेर आहे ते लगेच कळतं, मोजावं लागत नाही. ज्यांना नंबर वाचता येत नाही त्या आमच्या दोन काकींनाही. त्यांच्या पाळीच्या दिवशी तर एकही हत्यार कमी निघत नाही.

दोन वर्षं झाली. या एप्रिलमध्ये पट्टा पुन्हा सैल पडला. ताईंनी ग्रिप कमरेला खोचली, १९चा रिंग पाना चढवला, चारही बोल्ट सैल केले, दोघींनी मोटार मागे ओढली, पट्टा अंगठ्याने दाबून बघितला आणि बोल्ट आवळले. वीस मिनिटं लागली. बाहेर मिरची घेऊन बसलेल्या बाईंना कळलंही नाही की काही बिघडलं होतं.

तर काकी, आधी माळ्यावर ट्रंक बघा. नसेल तर पुढच्या बाजाराला जाताना मला फोन करा, ताणकाटा घेऊन मी येते. मात्र सकाळी दहानंतर. परवापासून पेटीत १३ नंबरची आकृती रिकामी दिसतेय, वहीत शेजारच्या आक्कांची सही आहे, आणि मला आधी त्यांच्या गोठ्यावर जायचंय.